जुन्या मोटारी आणि नव्या चिठ्ठ्या

मोटारीच्या बॉनेटखालीं चिकटविलेल्या चार बोटें रुंदीच्या कागदावर एखाद्या वाङ्मयीन मासिकाचीं पानें खर्चीं घालावीं, हें पुष्कळ वाचकांस विचित्र वाटेल. आणि हा लेखक आपला पेशा सोडून मिस्त्र्याच्या धंद्यांत कां शिरला, असाहि प्रश्न कोणी करील. त्यांस आमचें उत्तर एवढेंच, कीं हा वाद वरून मोटारींचा दिसला तरी मुळांत संहितेचा आहे. जुनी वस्तु हातीं आली असतां तिच्यावर काळानें व माणसांनीं जें लिहून ठेविलें, तें वाचावयाचें कीं पुसावयाचें, हा तो प्रश्न होय. पोथ्यांच्या बाबतींत हा प्रश्न आमच्या पूर्वसूरींनीं शंभर वर्षांपूर्वींच सोडविला. त्यांच्याच नातवापणतवांनीं मोटारींच्या बाबतींत त्याचें अगदीं उलट उत्तर द्यावें, हें पाहून स्वस्थ बसवत नाहीं.

निमित्त घडलें तें असें. खामगांवांतील आमच्या एका स्नेह्यांचे वडील कापसाचे अडते होते. त्यांनीं १९६७ सालीं घेतलेली फियाट ही त्या काळीं गांवांतल्या मोजक्या मोटारींपैकीं एक. वडिलांच्या मागें ती पंधरा-वीस वर्षें गोठ्याशेजारच्या पडवींत धूळ खात पडली होती. आमच्या स्नेह्यांनीं ती परजिल्ह्यांतील एका नांवाजलेल्या कारागिराकडे पाठविली, दोन वर्षें वाट पाहिली, लहानसें घर बांधून व्हावें एवढा पैसा ओतला आणि गेल्या दसऱ्याला ती परत आणिली. दारीं मंडप घातला होता. शेजारीपाजारी, जुने अडते, कॉलेजांतले आम्ही दोघेतिघे, असे पंचवीस-तीस लोक जमलों होतों. बॉनेट उघडलें तेव्हां सर्वांच्या तोंडून एकदम 'वाहवा' निघाली. आणि तिचें कारण इंजिन नव्हतें, चिठ्ठ्या होत्या. एअर फिल्टरच्या काळ्या डब्यावर पिंवळी, रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर लाल, बॅटरीच्या कठड्याशीं निळी. कोठें तेलाचें नांव, कोठें चिन्ह, कोठें आंकडे. आमच्या स्नेह्यांनीं त्या थेट इटलींतून मागविल्या होत्या. त्यांपैकीं सर्वांत मोठीवर तेलासंबंधींची सूचना शुद्ध इटालियन भाषेंत होती, आणि जमलेल्या मंडळींत ती वाचूं शकेल असा एकहि मनुष्य नव्हता. "कारखान्यांतून काल निघाली तशी दिसते कीं नाहीं?" असें ते प्रत्येकास विचारीत होते, आणि प्रत्येकजण 'दिसते' म्हणत होता. आम्हींहि म्हटलें.

मग एक म्हातारा मिस्त्री पुढें आला. तीस वर्षें याच गाडीचें काम त्याच्या हातून झालेलें. त्यानें इंजिनाकडे पाहिलें नाहीं, चिठ्ठ्यांकडेहि पाहिलें नाहीं. बॉनेटच्या आंतल्या बाजूवरून हात फिरविला आणि विचारलें, "शेटजी, अठी लिवेल होतं, थे कुठी गेलं?"

तेथें काय लिहिलें होतें तें मागाहून त्यानेंच आम्हांस सांगितलें. पांढऱ्या ऑइलपेंटनें, बारीक कुंचल्यानें, ऑइल केव्हां केव्हां बदललें, रिंगा कोणत्या सालीं टाकल्या, ब्लॉकला बोर कधीं मारला, हें सर्व एकाखालीं एक. पहिल्या कांहीं ओळी त्याच्या उस्तादाच्या हातच्या, उर्दू अंकांत. पुढच्या याच्या, मराठींत. कडेला दर दसऱ्याला काढलेल्या कुंकवाच्या स्वस्तिकाचा थर. कारागिरानें हें सर्व रंग उतरविण्याचें औषध लावून खरवडून काढलें होतें. कारण कारखान्यांतून निघालेल्या गाडीच्या बॉनेटवर आंतून कांहीं लिहिलेलें नसतें. छायाचित्र कोणीं घेतलें नव्हतें. आमच्या स्नेह्यांस तर तेथें कांहीं होतें हेंहि आठवत नव्हतें.

आतां या चिठ्ठ्यांचें मूळ पाहूं. 'डिकल' हा शब्द फ्रेंच 'देकाल्कोमानी'पासून आलेला. कागदावर छापलेलें चित्र दुसऱ्या वस्तूवर उतरविण्याचा छंद एकोणिसाव्या शतकांत युरोपांत इतका बोकाळला, कीं 'वेड' हा अर्थ त्या नांवांतच राहिला. पुढें शिवणयंत्रें, सायकली, चिनी मातीचीं भांडीं यांवर ही कला पोटापाण्यास लागली; आणि मोटारी आल्या तेव्हां ती त्यांच्या बॉनेटखालीं शिरली. तेथें तिचें काम शोभेचें मुळींच नव्हतें. कारखाना दूर, मालक घाईंत, मिस्त्री परका. म्हणून कारखान्यानें आपलें म्हणणें यंत्रालाच चिकटवून पाठविलें: फिल्टर केव्हां धुवावा, तेल कोणतें ओतावें, ठिणगीचा क्रम एक-तीन-चार-दोन असा आहे, बॅटरीचें कोणतें टोक सांगाड्यास जोडलें आहे. अमेरिकेंत धुराचे कायदे झाल्यावर धुरासंबंधींची चिठ्ठी बॉनेटखालीं लावणें कारखानदारांस भागच पडलें. सारांश, चिठ्ठी हें पत्र होतें. वाचलें जावें, तेलानें माखावें, उष्णतेनें करपावें आणि एके दिवशीं गळून पडावें, हाच त्या पत्राचा स्वाभाविक शेवट. कारण तोंवर त्यांतला मजकूर मिस्त्र्याच्या डोक्यांत उतरलेला असे.

या पत्रांचे आजचे भक्त पाहा. अमेरिकेंत कॉर्व्हेट नांवाच्या मोटारीच्या उपासकांची १९७४ सालीं स्थापन झालेली एक संस्था आहे. गाडी कारखान्याच्या दारांतून बाहेर पडली त्या क्षणीं होती तशीच आज आहे कीं नाहीं, हें ती गुण देऊन ठरविते. बोल्टाच्या डोक्यावरची खूण, नळीवरचा छाप, चिठ्ठीचा रंग व तिची जागा, या सर्वांस गुण आहेत. हें वेड तेथें व इतरत्र इतक्या थराला गेलें आहे, कीं बोल्ट आंवळला याची खूण म्हणून तपासनीसानें घाईंत मारलेला रंगाचा ठिपका, खडूनें ओढलेली रेघ, रंगाऱ्याच्या फवाऱ्यांतून भलतीकडे उडालेले शिंतोडे, हेंहि जुनीं छायाचित्रें समोर ठेवून आज पुन्हां काढण्यांत येतें. एका कामगारानें पन्नास वर्षांपूर्वीं क्षणभरांत केलेल्या बेपर्वाईची नक्कल करावयास आज अर्धा दिवस खर्चीं पडतो. त्या कामगाराचा ठिपका पूज्य. आणि खामगांवच्या मिस्त्र्याचें तीस वर्षांचें अक्षर मात्र मळ! दोघेहि कामगारच. भेद एवढाच, कीं एक कारखान्याच्या भिंतींच्या आंत उभा होता आणि दुसरा बाहेर, निंबाच्या झाडाखालीं बसला होता. यास इतिहासप्रेम म्हणावयाचें, कीं कारखानदाराच्या उंबऱ्याला घातलेला दंडवत?

बरें, कारखान्याचाच शब्द प्रमाण मानूं. पण कोणत्या कारखान्याचा? आमच्या स्नेह्यांची गाडी ट्यूरिनला जन्मली नाहीं. ती कुर्ल्याला, प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यांत तयार झाली. हा कारखाना काढणारे वालचंद हिराचंद हे १८८२ सालीं सोलापुरास जन्मलेले मराठी मुलुखांतील गृहस्थ. विमानांचा कारखाना १९४० सालीं बंगलोरास, जहाजांची गोदी १९४१ सालीं विशाखापट्टणास, आणि मोटारींची कंपनी १९४४ सालीं मुंबईस, असा त्यांचा झपाटा होता. सरकार परकी, त्यांतून त्यांच्या मोटारींच्या कल्पनेस त्या सरकारनें वर्षानुवर्षें दाद दिली नाहीं, हें सर्वश्रुत आहे. १९४७ सालीं कुर्ल्याहून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या त्या अमेरिकेंतील क्रायस्लर कंपनीशीं झालेल्या कराराच्या. त्यांची नांवें डॉज, डी सोटो, प्लिमथ. आणि कांहींत तर नांवाच्या पट्टीखेरीज एकमेकींत फारसा भेद नसे. चिठ्ठीच्या खरेपणाविषयीं ज्यांना फार आस्था आहे त्यांनीं येथेंच थोडें थांबून विचार करावा.

पुढें फियाटशीं संबंध जुळला. १९५३ सालीं जकात आयोगाचा अहवाल आला आणि सरकारनें धोरण ठरविलें, कीं केवळ सुटे भाग आणून जोडणाऱ्यांस येथें जागा नाहीं, भाग येथेंच घडविले पाहिजेत. १९२८ पासून मुंबईंत गाड्या जोडणारी जनरल मोटर्स या धोरणानंतर निघून गेली; फोर्डनेंहि गाशा गुंडाळला. जे राहिले त्यांना दरसाल कांहीं ना कांहीं भाग परदेशी टाकून देशी बसविणें भाग झालें. १९५१ सालीं निघालेल्या बंगलोरच्या मायकोचे प्लग, १९६० नंतरच्या दशकांत मद्रासेच्या ल्युकस-टीव्हीएसचीं विजेचीं यंत्रें, बंगालमधली एक्साइडची बॅटरी, अशीं नांवें हिंदुस्थानांतील मोटारींच्या बॉनेटखालीं एकामागून एक दिसूं लागलीं. तीं नांवें म्हणजे एका देशानें यंत्रविद्या कशी पायरीपायरीनें हस्तगत केली त्याचा लेख आहे. मोटारीसाठीं वर्षानुवर्षें नंबर लावून बसण्याचे ते दिवस. उत्पादनांत अडचण येईल तेव्हां जो माल मिळेल तो बसवून गाडी बाहेर काढावी लागे. अशा कारखान्याच्या बाबतींत 'अमुक सालची शुद्ध चिठ्ठी' हा शब्दप्रयोगच लंगडा पडतो.

आणि नांवाचें तरी काय? १९६४ पासून जी फियाट ११०० डिलाइट, तीच मध्यें कांहीं काळ प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. इंजिन तेंच, १०८९ घनसेंटिमीटरचें. पत्र्याची घडणहि बहुतांशीं तीच. पण ट्यूरिनचें नांव उतरलें आणि चितोडच्या राणीचें नांव चढलें. लोक मात्र शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत राहिले! अशा गाडीवर इटालियन भाषेंतली तेलाची सूचना चिकटविणें म्हणजे आपल्या आजोबांच्या तसबिरीखालीं एखाद्या लॉर्डाचें नांव लिहिण्यासारखें आहे. आमचे स्नेही सज्जन आहेत. त्यांना फसवावयाचें नव्हतें, त्यांना मान द्यावयाचा होता. परंतु तो मान वालचंदांच्या कारखान्याला मिळाला नाहीं, वडिलांनाहि मिळाला नाहीं. तो ट्यूरिनला गेला.

येथें प्रतिपक्षी म्हणतील, ही व्यक्तीची चूक झाली, तत्त्वाची नव्हे. उद्यां कोणी खटपट करून कुर्ल्याच्याच अस्सल चिठ्ठ्यांचे नमुने मिळविले, त्याच कागदावर, त्याच शाईनें छापविले, तर तुमचा आक्षेप उरतो काय? शिवाय तुम्ही भाषेचे अध्यापक. तुमच्या शास्त्रांतहि प्रक्षिप्त काढून मूळ पाठ प्रस्थापित करणें यासच विद्वत्ता म्हणतात ना? मग मिस्त्र्याच्या ओळी हे प्रक्षेप समजून आम्हीं खरवडले तर रागावतां कां?

आक्षेप मार्मिक आहे आणि त्याला बगल देण्याची आमची इच्छा नाहीं. एकनाथमहाराजांनीं १५८४ सालीं ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. लेखकांच्या हातून शिरलेले अपपाठ त्यांनीं काढले आणि पुढें कोणीं तींत आपली ओंवी मिसळूं नये अशी ताकीदहि दिली. परंतु नाथांनीं काढलें काय? जें ज्ञानेश्वरांचें नसतांना ज्ञानेश्वरांचें म्हणून मिरवत होतें तें. आमच्या मिस्त्र्याच्या ओळींनीं आपण कारखान्याच्या आहोंत असें सोंग कधीं आणलें होतें? त्या सरळ सरळ त्याच्या होत्या, त्याच्या अक्षरांत होत्या, तारखेसह होत्या. सोंग आणते ती नवी चिठ्ठी. ती छापली जाते यंदां आणि सांगते, मी १९६७ ची. नाथांची ताकीद आज कोणाला लागूं पडत असेल तर ती या चिठ्ठीलाच लागूं पडते. पोथीच्या समासांत वाचकानें लिहिलेली टीप आणि पोथीच्या अंगांत घुसडलेली ओंवी यांतला भेद ज्यास कळत नाहीं, त्यानें शुद्धीकरणाची भाषा करूं नये.

दुसरें असें, कीं नाथांच्या शुद्ध प्रतीनंतरहि जुन्या प्रती कोणीं जाळल्या नाहींत. म्हणूनच राजवाड्यांस १९०९ सालीं एकनाथपूर्व मानलेली प्रत छापतां आली आणि त्यावर विद्वानांस वाद करतां आला. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें काम १९१९ सालीं आरंभिलें आणि १९६६ सालीं तें संपलें. सुकथनकरांनीं व त्यांच्या मागून आलेल्यांनीं देशोदेशींचीं हस्तलिखितें ताडून पाहिलीं; जो पाठ त्यांनीं वर घेतला नाहीं तो त्यांनीं फेकून दिला नाहीं, पानाच्या तळाशीं बारीक टाइपांत छापला. काश्मिरी पोथी काय म्हणते, मल्याळी पोथी काय म्हणते, तें ज्यास पाहावयाचें आहे त्यानें खुशाल पाहावें. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट: ही आवृत्ति त्यांनीं जुन्या दिसणाऱ्या भूर्जपत्रावर, व्यासांच्या हातची वाटावी अशा अक्षरांत काढली नाहीं. मुखपृष्ठावर संपादकाचें नांव आहे, साल आहे, छापखाना आहे. मोटारी नव्या करणाऱ्यांनीं आमच्या शास्त्राचा दाखला अवश्य द्यावा, पण मग तो पुरता पाळावा. तळटीपा कोठें आहेत त्यांच्या? बॉनेटवरच्या एकाहि ओळीचें छायाचित्र न ठेवतां जो सगळें खरवडतो, तो संपादक नव्हे. तो पोथी धुऊन कोरा कागद विकणारा वाणी आहे.

हा वाद युरोपांतहि होऊन गेला आहे आणि आमच्या पिढीस तो कॉलेजांत शिकवीत असत. रस्किननें १८४९ सालीं आपल्या वास्तुकलेवरील ग्रंथांत जीर्णोद्धार या नांवाखालीं चालणाऱ्या प्रकारास असत्य ठरविलें. विल्यम मॉरिसनें १८७७ सालीं जुन्या इमारतींच्या रक्षणासाठीं मंडळी स्थापन केली. तिला लोक थट्टेनें 'खरवड-विरोधी' म्हणत, कारण चर्चच्या भिंतींवरचे शतकानुशतकांचे थर खरवडून त्यांना मूळचें गॉथिक रूप देण्याचा तेव्हां सपाटा चालला होता. तो सपाटा लावणारे अडाणी नव्हते, दुष्टहि नव्हते. ते भाविक आणि सुशिक्षित होते, आणि म्हणूनच त्यांच्या हातून इतकें नुकसान झालें.

इतक्या दूर तरी कशाला जावें? अजिंठ्याचा डोंगर आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतूनच पुढें गेला आहे, आणि लेणीं शेजारच्या जिल्ह्यांत. निजाम सरकारनें १९२० सालीं तेथील चित्रें वांचविण्यासाठीं इटलींतून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन तज्ज्ञ आणविले. सुटत चाललेला गिलावा त्यांनीं भिंतीशीं पक्का केला, त्याबद्दल त्यांचे आभारच मानले पाहिजेत. पण त्यांनीं चित्रांवर लाखेचें रोगणहि दिलें. तेव्हां चित्रें उजळलीं आणि पाहणारे खूष झाले. कांहीं वर्षांनीं तें रोगण पिंवळें पडलें, काळवंडलें, त्यांत धूळ बसली. आणि पुढें पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांस तें इंचाइंचानें उतरवीत बसावें लागलें. तेथें निदान खालचें चित्र शाबूत होतें. बॉनेटवरच्या त्या ओळी आतां कोणत्या रसायनानें परत येणार?

या प्रकरणाला एक व्यवहाराचीहि बाजू आहे, आणि ती थोडक्यांत सांगतों. जेथें खोटी खूण बेमालूम करतां येते, तेथें ती पैशासाठींहि केली जाते. १९६७ च्या सुमारापासून कॉर्व्हेटच्या पेट्रोलच्या टाकीवर बांधणीचा तपशील छापलेला कागद चिकटविलेला असे. हौशी लोकांनीं त्याची किंमत वाढविली; त्याबरोबर हुबेहूब कागद छापून देणारे निघाले, कागद तपकिरी कसा करावा याचे उपाय निघाले, आणि साधी गाडी दुर्मिळ म्हणून विकणेंहि सोपें झालें. आपल्याकडेहि ही वेळ दूर नाहीं. २०२१ सालीं केंद्र सरकारनें पन्नास वर्षांवरील मोटारींसाठीं स्वतंत्र नियम केले; नव्या नोंदणीस वीस हजार रुपये फी, दहा वर्षांची मुदत आणि नंबराच्या पाटीवर निराळीं अक्षरें. गाडी मूळ स्वरूपांत असावी, सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा, अशी त्यांत अट आहे. अट योग्य आहे. परंतु 'मूळ स्वरूप' या दोन शब्दांचा अर्थ चिठ्ठ्यांवरून लावण्याची संवय एकदां लागली, कीं छापखानेवाला हाच मोटारीच्या वयाचा साक्षीदार होऊन बसेल.

तर मग गळून गेलेली चिठ्ठी पुन्हां कधींच लावूं नये काय? तसें आमचें म्हणणें नाहीं. जुन्या गाड्यांत कोणाच्या बॅटरीचें धन टोक सांगाड्यास जोडलेलें असे, कोणाच्या ऋण. आजच्या पोरसवदा मिस्त्र्यास तें ठाऊक नसतें. उलट जोडणी झाली तर वायरिंग जळते. अशी सूचना अवश्य लावावी, मोठ्या अक्षरांत लावावी, आणि खामगांवच्या गाडीवर ती मराठींत लावावी. कारण पत्र ज्याला लिहावयाचें त्याला तें वाचतां आलें पाहिजे, हाच मूळ कारखानदाराचाहि हेतु होता. शोभेसाठीं जुन्या नमुन्याबरहुकूम चिठ्ठी हवीच असेल, तर तिच्या कोपऱ्यांत बारीक अक्षरांत 'पुनर्मुद्रण' आणि साल छापावें. एवढ्यानें कोणाच्या आनंदांत मीठ पडत नाहीं. आमच्या स्नेह्यांस आम्हीं हें सुचविलें तेव्हां ते म्हणाले, "मग मौज काय राहिली?" या उत्तरांत सगळा उलगडा झाला. मौज जुनेपणाची नव्हतीच; क्षणभर फसण्याची होती.

आमच्यांतील पुष्कळांस विलायतेचें प्रमाणपत्र असल्याशिवाय कोणतीहि गोष्ट पटत नाहीं. त्यांच्यासाठीं तेंहि देतों. १९६६ सालीं स्थापन झालेल्या जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानें २०१२ सालीं एक सनद मंजूर केली. तिला नांवहि योगायोगानें ट्यूरिनचेंच आहे. जें आहे तें राखावें, हात शक्य तितका कमी लावावा, वाहनाच्या आयुष्यांत झालेले बदल हा त्याच्या इतिहासाचा भाग समजावा, असा तिचा रोख आहे. मॅजोरे सरोवराच्या तळाशीं सत्तरांवर वर्षें पडलेली एक बुगाटी २००९ सालीं वर काढली आणि पुढच्या वर्षीं तिचा लिलाव झाला. घेणाऱ्यानें तिचा कुजलेला पत्रा तसाच ठेवून ती संग्रहालयांत मांडली. आणि कॅलिफोर्नियांत पेबल बीच येथें १९५० पासून जो श्रीमंतांचा मोटारींचा मेळा भरतो, ज्यानें चकचकीतपणाचें हें वेड साऱ्या जगांत पसरविलें, तेथेंच २०२४ सालीं सर्वोत्कृष्ट ठरली ती एक न रंगविलेली, ओरखडे पडलेली, १९३४ सालची बुगाटी. जीर्णोद्धार न केलेल्या गाडीस हा मान त्या मेळ्याच्या इतिहासांत प्रथमच मिळाला. म्हणजे ज्यांचें अनुकरण आम्ही करावयास निघालों ते पुढच्या वळणावरून परत फिरले आहेत, आणि आम्ही अजून मागच्या फाट्याला इटालियन चिठ्ठ्या मागवीत बसलों आहों.

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदली गेली होती. वीस वर्षांची मर्यादा भरून ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून निघाली, तेव्हां वृत्तपत्रांनीं गहिंवर काढला. हजारों टॅक्स्या त्यापूर्वींच भंगारांत गेल्या. त्यांच्या बॉनेटखालीं कोणीं काय लिहिलें होतें याची विचारपूस कोणीं केली नाहीं. आतां राहिल्या आहेत त्या आमच्यासारख्या आडवळणाच्या जिल्ह्यांतल्या, पडवींत आणि गोठ्यांत उभ्या असलेल्या गाड्या.

अशीच एक जीप मेहकर तालुक्यांतील एका शेतावर आम्हीं महिन्यापूर्वीं पाहिली. समोरच्या पत्र्यावर चिठ्ठी नाहीं, बॅटरी नाहीं, एका चाकाखालीं दगड आहेत. बॉनेट उचलून पाहिलें तर आंतल्या बाजूस लांकडी पेन्सिलीनें आंकड्यांच्या चार रांगा आहेत: कोणत्या दिवशीं जिनिंगला कापूस किती क्विंटल नेला, डिझेल किती, हमाली किती, आणि सर्वांत खालीं, वेगळ्या हातानें, कोणा मुलानें गिरविलेली बाराखडी, ती 'ठ'पर्यंत येऊन थांबलेली. मालकांचे चिरंजीव पुण्यास असतात. गाडी त्यांनीं त्याच नांवाजलेल्या कारागिराकडे द्यावयाची ठरविली आहे, आणि बॉनेटखालच्या चिठ्ठ्या अमेरिकेंतून मागविल्याहि आहेत. दिवाळीनंतर ट्रक येणार आहे. आम्हीं मालकांस एवढेंच विचारलें, कीं त्यापूर्वीं एक दिवस कॅमेरा घेऊन आलों तर चालेल काय. त्यांनीं बॉनेटकडे पाहिलें, मग आमच्याकडे पाहिलें, आणि म्हणाले, "या की सर, पण धुऊन ठेवतो आधी, फार मळलंय ते." आम्हीं त्यांना धुऊं नका म्हणून सांगितलें आहे, आणि घरीं आल्यावर पुन्हां पत्रानेंहि कळविलें आहे.